पाटी दारापर्यंत

(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : तालुक्याचं एसटी स्टँड, पहाट. फलाटाच्या खांबावरची पाटी.)

ही पाटी नीट बघा. साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर, पांढरी. मापसुद्धा नियमातच ठरवून दिलंय. ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.’ खाली एक ओळ, तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव लिहायला. या पाटीवर ती ओळ कोरीच आहे.

पाटीच्या बरोब्बर खाली, बाकड्यावर, पहिल्या गाडीची वाट बघत एक काका बसलेत. बंडलातून बिडी काढतात, दोन बोटांत हलकेच फिरवतात, काडी ओढतात. आजूबाजूला कोणी काही म्हणत नाही. दोन झुरके झाले असतील नसतील, तेवढ्यात कंडक्टर येतो. ‘काका, तिकडं जरा लांब.’ काका निमूट उठतात, कुंपणापाशी जातात आणि उरलेली बिडी तिथं संपवतात.

चार पावलं. कायद्यानं काय केलं, तर माणसाला चार पावलं सरकवलं. निदान डोळ्यांना दिसतं ते एवढंच.

आम्ही ही गोष्ट शोधायला निघालो ती या चार पावलांच्या मागे. कारण धूर आणि कॅन्सर ही जोडी आपल्याला पाठ आहे. पाकिटावरच्या चित्रांनी ती पाठ करून घेतलीये. पण धूर आणि टीबी? टीबी तर जंतूंचा रोग. बिडीत काही जंतू नसतात. मग बिडीबंदीचा आणि टीबीचा संबंध काय?

(दृश्य : चेन्नई, गल्लीबोळ. हातात कागदांची फाइल घेऊन चालणारी बाई, पाठमोरी.)

याचं उत्तर मेलेल्या माणसांकडे होतं. चेन्नईतल्या संशोधक डॉ. गजलक्ष्मी यांनी ते विचारायचं ठरवलं. नव्वदच्या दशकात शहरात आणि तिकडे विलुप्पुरम जिल्ह्यातल्या खेड्यांत जे पुरुष वारले, त्यांच्या घरी माणसं पाठवली. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून काय लिहिलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘हृदय बंद पडून’. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. म्हणून दाखल्यावर न थांबता घरच्यांना विचारायचं. किती दिवस खोकला होता? रक्त पडायचं का? अंगावरचं मांस झडलं होतं का? आणि मग, बिडी-सिगारेट ओढायचे का?

असे ४३,००० मृत्यू. तुलनेला जिवंत असलेले ३५,००० पुरुष. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. ओढणाऱ्यांमध्ये टीबीनं मरायचा धोका न ओढणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाला. संशोधकांनी हिशेब मांडला, की देशातल्या पुरुषांचे टीबीनं होणारे जवळजवळ निम्मे मृत्यू धूम्रपानाच्या खात्यावर जातात.

निम्मे. आकडा वाचून आम्हीही पुन्हा मागे जाऊन वाचला.

मग एवढी मोठी गोष्ट आधी कोणाला कशी दिसली नाही? याचं एक सरळ कारण आहे. तंबाखूवरचं पायाभूत संशोधन झालं इंग्लंड-अमेरिकेत, १९५० च्या आसपास आणि नंतर. नेमक्या त्याच वर्षांत तिथला टीबी औषधांनी ओसरत होता. त्यामुळे त्यांच्या यादीत कॅन्सर आला, हृदयविकार आला, टीबी आला नाही. यादी तिकडची, आणि आपण ती घोकत बसलो. आपल्या छातीत काय चाललंय ते आपल्यालाच मोजावं लागणार होतं.

(दृश्य : मुंबई, जुनी चाळ, जिना. मतदार यादीची पानं उलटणारा हात.)

मुंबईत ते मोजणं थोडं आधी सुरू झालं होतं. १९९१ पासून. संशोधक प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी. मतदार याद्या घ्यायच्या, दारोदार जायचं, पस्तिशीपुढच्या माणसांना गाठून तंबाखूबद्दल विचारायचं आणि उत्तर हातातल्या छोट्या संगणकात भरायचं. होय, त्या काळात. पुढच्या काही वर्षांत दीड लाखाच्या आसपास माणसं नोंदली गेली. मग पाच-सहा वर्षांनी परत त्याच दारांवर. कोण आहे, कोण गेलं, कशानं गेलं.

इथंही ओढणाऱ्यांत टीबीचे मृत्यू दुपटीहून जास्त होते. आणि सिगारेटवाल्यांपेक्षा बिडीवाल्यांची गत वाईट.

हे मुद्दाम सांगायला हवं. बिडी म्हणजे पान, नुसतं झाडाचं पान, त्यात कागद नाही, केमिकल नाही, असं छातीठोकपणे सांगणारे लोक आम्हाला वाटेत पुष्कळ भेटले. पण बिडी हातात धरून बघा. तेंदूचं पान गच्च असतं, हवा सहज आत शिरत नाही. ओढली नाही तर विझते. म्हणून पेटती ठेवायला सारखी ओढावी लागते, तीही खोल. चिमूटभर तंबाखू, पण फुप्फुसाला विश्रांती नाही.

(दृश्य : काचेची टाकी. बोटाच्या पेराएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे.)

आता माशांकडे. हा झेब्राफिश. मूळचा आपल्याच भागातला, गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-तळ्यांतला. जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळतात, कारण त्याची पिल्लं आरपार दिसतात. आतली एकेक पेशी चालताना सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते.

केंब्रिजमध्ये संशोधक ललिता रामकृष्णन यांच्या गटानं हेच बघितलं. या बाई बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या. फुप्फुसात शरीराचे पहारेकरी असतात, जंतू दिसला की जाऊन त्याला गिळणाऱ्या पेशी. गिळलेलं पचवायची त्यांच्यात सोय असते. पचलं नाही तर पेशी फुगते, जड होते आणि तिला जागचं हलता येत नाही. माशांत हे दिसल्यावर त्यांनी धूम्रपान करणाऱ्या माणसांच्या फुप्फुसातून काढलेल्या पेशी तपासल्या. त्या धुराच्या कणांनी ठासून भरलेल्या होत्या. आणि त्यांचं चालणं मंदावलेलं. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे बिडी जंतू आणत नाही. जंतू आधीच आलेला असतो. देशव्यापी टीबी सर्वेक्षणानुसार आपल्याकडे पंधरा वर्षांवरच्या दर शंभर माणसांत एकतीसजणांच्या शरीरात तो निपचित बसलेला आहे. बहुतेकांच्या आयुष्यात तो कधीच उठत नाही, कारण पहारा असतो. धूर त्या पहारेकऱ्याचं पोट कोळशानं भरतो.

(दृश्य : सरकारी दवाखाना. झाकणाची प्लास्टिकची डबी.)

आणि खोकला. आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य कार्यकर्ती, सांगतात, बिडी ओढणारा माणूस दोन आठवड्यांचा खोकला मोजतच नाही. ‘त्याचा खोकला जुनाच असतो हो. बिडीचा खोकला म्हणतात घरचे पण. मग तो नवा कधी झाला ते कोणाला कळायचं?’ आशाताई थुंकीची डबी हातात देऊन सकाळचा बेडका आणायला सांगतात, तोवर महिने गेलेले असतात. त्या महिन्यांत तो माणूस घरात खोकत असतो. दहा बाय बाराच्या खोलीत, खिडकी बंद, पोरं शेजारी झोपलेली.

रस्त्यावर कोणी थुंकलं की आपल्याला टीबी आठवतो. तो आठवायला हवा बंद खोलीतल्या खोकल्याला. टीबी हवेतून जातो. आणि त्याच खोलीत धूरही असेल तर? दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनमध्ये मुलांची तपासणी झाली होती. ज्या घरात टीबीचा रुग्ण आहे आणि कोणी ओढणारंही आहे, तिथल्या मुलांना संसर्ग झालेला जास्त आढळला.

(दृश्य : पुन्हा पाटी. जवळून.)

आता या पाटीची जन्मकथा थोडक्यात. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वेसकट सार्वजनिक वाहनं अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये संसदेनं तंबाखूचा कायदा केला. आणि २ ऑक्टोबर २००८ ला, गांधी जयंतीला, कडक नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. या सगळ्यात युक्तिवाद होता तो दुसऱ्याच्या धुराचा. मी ओढत नाही, मग मी का सोसू? मुद्दा रास्तच. टीबी त्या चर्चेत कडेलाच राहिला.

पण अशा कायद्यानं संसर्ग कमी होतो का? झाला, तर तो मोजायचा कसा? यासाठी स्कॉटलंडला जावं लागेल.

(दृश्य : ग्लासगो, पाऊस. पबच्या दाराबाहेर कुडकुडत सिगारेट ओढणारे चार-पाच लोक.)

२६ मार्च २००६. स्कॉटलंडमध्ये बंद सार्वजनिक जागांत सिगारेट बंद झाली. पबवाले रडले, ते सोडून देऊ. खरी भीती वेगळी होती, आणि ती भलत्या लोकांना नव्हती, आरोग्याच्या लोकांनाच होती. पबमधून हाकललेला बाप घरी येऊन सोफ्यावर बसून ओढणार. म्हणजे कायदा बारमनला वाचवणार आणि पोरांना मारणार.

ते तपासायला संशोधक शाळांत गेले. अकरा वर्षांची मुलं. त्यांच्या लाळेचे नमुने. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं, आणि ते लाळेत सापडतं. मुलगा काहीही सांगो, लाळ खोटं बोलत नाही. कायद्याच्या आधीचे नमुने आणि वर्षभरानंतरचे. कोटिनिन ३९ टक्क्यांनी उतरलं होतं.

बाप घरात ओढायला लागला नव्हता. पबमध्ये उठून बाहेर जायची सवय लागली, ती घरातही सरावाची झाली असावी.

पण याच अभ्यासातली दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटते आम्हाला. ज्या घरात आई किंवा आई-बाप दोघंही ओढणारे, तिथल्या मुलांच्या लाळेत म्हणावा असा फरक पडलाच नाही. कायद्याचा वारा बाकीच्या घरांत शिरला, या घरांच्या दाराशी थांबला.

पुढच्या वर्षी, १ जुलै २००७ ला, इंग्लंडनंही तसाच कायदा लागू केला. तिथं नंतर दवाखान्यात भरती झालेल्या मुलांच्या नोंदींचा अभ्यास झाला. श्वसनमार्गाचे संसर्ग, न्यूमोनिया, छातीत कफ भरणं. २००१ पासून २०१२ पर्यंतच्या सोळा लाखांवर नोंदी. कायद्यानंतर वर्षाला सुमारे ११,००० वेळा मुलांचं भरती होणं टळलं, असा संशोधकांचा हिशेब. ही मुलं पबमध्ये जाणारी नव्हती. पाटी लागली होती पबवर, आणि फुप्फुसं वाचली घरातली.

(दृश्य : आपल्याकडची वस्ती, संध्याकाळ. चुली, टीव्हीचा आवाज.)

आपल्याकडे? प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात पहिल्या खेपेला, २००९-१० मध्ये, शंभरात बावन्न लोक म्हणाले होते की घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो. २०१६-१७ ला एकोणचाळीस. म्हणजे घरं इथंही बदलतायत. भारतातला टीबीही हळूहळू उतरतोय. पण त्यात औषधं आहेत, खाणं आहे, तपासणी आहे. सगळं श्रेय पाटीला देणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून सावध राहा.

२०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे तसे कमी, शंभरात चार. चघळणारे चोवीस. म्हणून इथं ‘आमच्याकडं कोण ओढतंय’ असं सहज म्हणून जातात. टीबीच्या वॉर्डात मात्र ते चार शोधायला फार फिरावं लागत नाही.

(दृश्य : पत्र्याचं घर. उंबरठ्यावर आशाताई, मांडीवर उपचाराचं कार्ड.)

आमचं शेवटचं चित्रीकरण इथलं. घरातल्या बाबांचा टीबीच्या गोळ्यांचा तिसरा महिना. उंबऱ्यात नातवंड बसलंय, कॅमेऱ्याकडे टक लावून. आशाताई कार्ड भरतायत. वजन. गोळ्या चुकल्या का. मग एक रकाना येतो, तंबाखूचा.

‘बाबा, बिडी?’

‘सोडली.’

आतून सूनबाईंचा आवाज. ‘काय सोडली?’

बाबा थोडा वेळ गप्प. मग अंगणातल्या शेवग्याकडे हात करतात. ‘तिकडं जातो आता. पोरगं झोपतं ना इथं.’

आशाताई पेन तसंच धरून बसतात. त्या रकान्यात हे लिहायला जागा नाही. मग त्या ‘चालू’ वर खूण करतात, कार्ड मिटतात आणि विचारतात, ‘दिवसाला किती, बाबा? खरं सांगा.’