दायमाबादची कच्ची वीट

नमस्कार, श्रोतेहो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबादची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड आहे. १९७४ साली तिथे झाडाची मुळं खणताना स्थानिक लोकांच्या हाती ब्राँझच्या चार वस्तू लागल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ. रथ हाकणारा माणूस उभा आहे आणि दांडीवर चक्क एक कुत्रा! सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोच्या आसपास.

दायमाबादचं नाव झालं ते या चौघांमुळे. मला मात्र तिथली एक कबर जास्त मोलाची वाटते. त्याचं असं आहे, की जमिनीतल्या वस्तूचं वय ती कुठल्या थरात होती यावरून ठरतं आणि ही ब्राँझं निघाली तेव्हा थरांची नोंद ठेवणारं तिथे कुणी नव्हतं. एस. आर. राव, एस. ए. साळी, म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी ती उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातली मानली. डी. पी. अग्रवाल यांनी शंका काढली, कारण धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघालं आणि ताम्रपाषाण, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरण्याच्या काळातल्या इतर वस्तूंत तेवढं ते आढळत नाही. वाद अजून आहेच.

कबरीचं तसं नाही. ती रीतसर उत्खननात मिळाली. खड्ड्याला कच्च्या विटांचं अस्तर, आत उताणा ठेवलेला सांगाडा. विटांची लांबी, रुंदी, जाडी ४:२:१ या प्रमाणात, म्हणजे हडप्पा-मोहेंजोदडोच्या गवंड्यांचंच माप! त्याच थरात सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या बटणासारख्या दोन मातीच्या मुद्राही मिळाल्या. मोहेंजोदडो इथून हजार किलोमीटरहून दूर. सिंधू संस्कृतीचं गुजरातेतलं लोथल त्या मानानं जवळ, त्यामुळे ही माणसं गुजरातेकडून उतरली असावीत असं मला वाटतं. रथ कुणी वाहूनही आणू शकतो. विटेचं माप मात्र ती पाडणाऱ्याच्या हातात असावं लागतं.

इ.स.पू. १८०० च्या सुमारास या हडप्पा खुणा थांबतात. पुढे त्याच पांढरीवर माळवा आणि मग जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतींची वस्ती झाली. जोर्वेचे लोक तान्ही मुलं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. त्यांच्याविषयी पुढच्या भाषणात बोलू. नमस्कार.