रात्रीचा उन्हाळा

(दृश्य : रुग्णवाहिकांची कंट्रोल रूम)

रात्रीचे अडीच. फोन वाजतो. पलीकडून एका मुलीचा कापरा आवाज : "बाबा काहीतरी बरळतायत. अंग नुसतं भाजतंय."

"पाणी पाजू नका, ठसका लागेल," फोन घेणारी सांगते. "अंगावरचे कपडे काढा, गार पाणी ओतत राहा, पंखा लावा. गाडी निघालीय."

ऊन मावळून सात-आठ तास झालेत. मग हा फोन आत्ता का?

कारण उष्णतेची लाट अंगात साठत जाते. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री खोलीतच उष्णता सोडतात. शरीराला सावरायला गार रात्र लागते. तीच मिळाली नाही की दुसरा दिवस पहिल्यापेक्षा जड जातो आणि तिसरा त्याहून जड. १९९५च्या जुलैमध्ये शिकागोत हेच झालं. ७००हून अधिक माणसं दगावली, रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या, २०हून जास्त रुग्णालयांनी नवे रुग्ण घेणं थांबवलं. २०२१च्या लाटेत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ बळी गेले. जवळजवळ सगळे चार भिंतींच्या आत, आणि त्यांत एकटी राहणारी वयस्क माणसं फार. उन्हात जाऊ नका, हा सल्ला त्यांच्या काहीच कामाचा नव्हता. ती घरातच होती.

पारा एकेक अंश चढला म्हणून कॉल त्याच हिशेबाने वाढत नाहीत. एका मर्यादेपर्यंत आलेख जवळपास सपाट असतो, ती ओलांडली की उभा चढतो. ही मर्यादा ठिकाणागणिक वेगळी. उकाड्याची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून मोसमातली पहिली लाट जास्त माणसं आडवी करते. हवा दमट असेल तर आणखी कठीण. घाम गळतो पण वाळत नाही, आणि शरीर गार होतं ते घाम वाळल्यामुळेच.

नोंदवहीत मात्र उष्माघात असं थोड्यांपुढेच लिहिलं जातं. बाकीचे हृदयविकार, मूत्रपिंड निकामी, भोवळ येऊन पडणं, अशा नावांखाली येतात. लघवी वाढवणारी किंवा घाम कमी करणारी औषधं चालू असतील तर धोका वाढतो. म्हातारपणी तहानही नीट कळत नाही. फक्त उष्माघाताच्या नोंदी मोजून गाड्या आणि खाटा ठरवल्या तर दोन्ही कमी पडणार, हे उघड आहे.

(दृश्य : घर. जमिनीवर झोपवलेला रुग्ण)

थर्मामीटर ४१.२ अंश सेल्सिअस दाखवतो. ४०च्या वर ताप आणि बोलण्यात असंबद्धता, म्हणजे उष्माघात. इथे तापाची गोळी चालत नाही. साध्या तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो, गोळी ते खाली आणते. उष्माघातात शरीराला उष्णता बाहेर टाकताच येत नसते.

म्हणून गाडीत घालण्याची घाई नाही. आधी गार करायचं, मग हलवायचं. बर्फाच्या पाण्याचा टब असता तर सर्वांत उत्तम. तो नाही, म्हणून एकजण अंगावर पाणी मारतो, दुसरा पुठ्ठ्याने वारा घालतो, मुलगी मानेला, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या धरते. त्या घसरतात, ती पुन्हा दाबून धरते. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरायला हवा. त्यापुढचा प्रत्येक मिनिट मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांच्या जिवावर उठतो.

४०.३. ३९.६. ३९ला पाणी थांबतं, नाहीतर अंग प्रमाणाबाहेर गार पडेल. बाबा डोळे उघडून मुलीकडे पाहतात. आता स्ट्रेचर.

(दृश्य : कंट्रोल रूम. पहाट)

हवामान खात्याचा अंदाज आलाय : उद्या पारा दोन अंशांनी उतरणार. तरी सुपरवायझरने रात्रपाळीतली एकही गाडी कमी केलेली नाही. लाट ओसरल्यावरही पुढचे काही दिवस फोन येत राहतात.