हॅली फ्लॅनगन: कॉलेजच्या रंगमंचावरून देशभर

1927 सालची एक संध्याकाळ. न्यूयॉर्क राज्यातलं व्हॅसर हे मुलींचं कॉलेज. रंगमंचावर चेकॉव्हची एकांकिका चालू आहे. लग्नाची मागणी घालायला आलेला लोमोव आणि ती मुलगी एका कुरणाच्या मालकीवरून कडाकडा भांडतायत. एकांकिका संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते! पात्रं तीच, वाक्यं तीच. पण आता शैली अभिव्यक्तिवादी, म्हणजे मनातल्या भावना ठळक, अतिरंजित करून दाखवणारी. मग तिसऱ्यांदा, रशियन दिग्दर्शक मायरहोल्डच्या रचनावादी पद्धतीनं, म्हणजे उघड्या सांगाड्यासारखं नेपथ्य आणि शारीर अभिनय. दिग्दर्शन म्हणजे काय, हे विद्यार्थिनींना याहून थेट कसं शिकवणार?

या शिक्षिका हॅली फ्लॅनगन. 1919 मध्ये पती गेले, 1922 मध्ये थोरला मुलगा. धाकट्याला वाढवत त्या नाटक शिकल्या. गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर युरोप फिरल्या, रशियातली रंगभूमी जवळून पाहून आल्या. पण नुसत्या नव्या शैलींवर त्यांचं समाधान होणारं नव्हतं. 1931 मध्ये त्यांनी मार्गारेट क्लिफर्डबरोबर नाटक लिहिलं ते दुष्काळानं उपाशी पडलेल्या शेतकऱ्यांवर.

मग आली महामंदी. हजारो नट, तंत्रज्ञ बेकार. 1935 मध्ये सरकारी मदतकार्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांनी बेकार नाट्यकर्मींना काम देणाऱ्या 'फेडरल थिएटर प्रोजेक्ट'ची सूत्रं हॅलीबाईंच्या हाती दिली. 27 ऑक्टोबर 1936 ला एकाच नाटकाचे 21 प्रयोग वेगवेगळ्या शहरांत एकदम लागले. न्यूयॉर्कमध्ये ज्यूंच्या यिडिश भाषेतही, फ्लोरिडातल्या टँपात स्पॅनिशमध्ये.

त्यांचं खरं धाडस मात्र 'लिव्हिंग न्यूजपेपर'मध्ये दिसतं. बातम्या, आकडे, कोर्टातल्या साक्षी थेट रंगमंचावर. 1938 मध्ये घरांच्या प्रश्नावरचं नाटक आलं. नेपथ्यात गरिबांच्या चाळीसारखी, कित्येक मजल्यांची मोडकळीला आलेली इमारत, आणि पडदा उघडतो तोच तिला आग लागते. लाउडस्पीकरवरचा आवाज विचारत राहतो, ही घरं अशी का आहेत?

असले प्रश्न झोंबणारच. 6 डिसेंबर 1938. वॉशिंग्टनमध्ये डाइस समितीपुढे, म्हणजे 'अमेरिकाविरोधी' कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे, त्यांची साक्ष. त्यांच्या एका लेखात मार्लोचा उल्लेख होता. खासदार स्टार्न्स विचारतात, हा मार्लो कम्युनिस्ट आहे का? 1593 मध्ये वारलेला नाटककार! हॅलीबाई शांतपणे सांगतात, शेक्सपिअरच्या लगेच आधीचा तो सर्वांत मोठा नाटककार, अशी नोंद करून घ्या.

30 जून 1939 ला काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, पैसा थांबवला आणि प्रोजेक्ट बंद पडला. हॅलीबाई व्हॅसरला परतल्या. 1942 मध्ये स्मिथ कॉलेजात डीन झाल्या आणि तिथंही त्यांनी नाटक शिकवलं.