दम सांभाळून गाणं

नमस्कार श्रोतेहो.

गणपती जवळ आले की आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात रात्री लेझीमचा सराव सुरू होतो. दिवसभर यंत्रमागापुढे उभी असलेली पोरं हलगी वाजली की पुन्हा ताजीतवानी होतात. मीही त्यांतलाच. एकदा वस्ताद म्हणाले, "डाव मोडायचा नाही, आणि आता गाणंही म्हणा." दुसऱ्याच ओळीला माझा आवाज फाटला. बैठक मारली की छातीतली हवा निघून जाते, आणि नेमका तिथंच सूर लांबवायचा असतो.

युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांमधली गाण्यांची स्पर्धा पाहताना मला ती रात्र हमखास आठवते. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावात ७ देशांनी ती सुरू केली. नियम कडक आहेत. गाणं ३ मिनिटांपेक्षा लांब नको, मंचावर ६ पेक्षा जास्त माणसं नकोत. वाद्यं आधी ध्वनिमुद्रित केलेली चालतात, पण मुख्य गायकानं तिथंच, प्रत्यक्ष गायचं. डान्स पॉप, म्हणजे नाचायच्या ठेक्यावरची गाणी, गाणाऱ्याची खरी परीक्षा इथं होते. ठेका थांबत नाही, पाय थांबत नाहीत आणि श्वास लपवायला जागा नसते.

२०१२ साली बाकू शहरात स्वीडनची लोरीन 'युफोरिया' गायली. आईवडील मूळचे मोरोक्कोचे. मंचावर जवळजवळ अंधार, वरून खोटा बर्फ पडतोय आणि ही अनवाणी. वाकते, झुकते, हात भिरकावते, आणि धृपद आलं की आवाज तसाच भरदार उंच चढतो. बराच वेळ ती एकटीच असते. नर्तक येतो तो शेवटाकडे. ३७२ गुण मिळवून ती जिंकली. २०२३ साली लिव्हरपूलमध्ये पुन्हा जिंकली. दोनदा जिंकणारी ती पहिली स्त्री.

नाचाच्या गाण्याला आपल्याकडे पटकन हलकं म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. एका जागी बसून गाण्यात साधना आहे, तशीच ती धावत्या छातीतून सूर सरळ काढण्यातही आहे. आपल्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एकाच हलगीवर पाय टाकतात. तेव्हा स्वीडनची गायिका आपल्याला परकी का वाटावी?

तिचं ते गाणं पुन्हा पाहाल तेव्हा पायांकडे नको, खांद्यांकडे बघा. आमचे वस्ताद सांगायचे, "श्वास बैठकीच्या आधी घ्यायचा, बैठकीत नाही." ती श्वास कधी घेते, ते तिथं दिसेल.