एमडी सोडवायला गोळी नाही, चिठ्ठी आहे

नमस्कार मंडळी, ठाण्यातून बोलतोय. परवा तलावपाळीवर चहा पिताना शेजारचे काका म्हणाले, अरे, ब्राउन शुगरवाल्यांना सरकारी सेंटरमध्ये जिभेखाली ठेवायची गोळी देतात ना, मग आपल्या बिल्डिंगमधल्या त्या पोराची एमडी सोडवायला काहीच कसं नाही?

प्रश्न अगदी बरोबर आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, पोरं म्याव म्याव म्हणतात ते. लॅबमध्ये बनलं 1929 साली, पण आपल्याकडे एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांवरच्या बंदीच्या कायद्यात, आलं थेट फेब्रुवारी 2015 मध्ये. कोकेन, मेथ (मेथॅम्फेटामिन), एमडी ही सगळी एकाच जातकुळीतली, झोप उडते, भूक मरते, मेंदूत डोपामिनचा, म्हणजे मजा वाटायला लावणाऱ्या रसायनाचा, पूर येतो आणि मग तो ओसरला की माणूस दोन-दोन दिवस झोपून राहतो, घरच्यांना वाटतं चला सुटली एकदाची, आणि खरी उदासी तर तिथूनच सुरू होते.

अफूच्या जातीच्या नशेला, ब्राउन शुगर त्यातलीच, ब्युप्रेनॉर्फिन आहे, काकांची ती जिभेखालची गोळी, ते मेंदूत त्याच जागेवर जाऊन बसतं. कोकेन-मेथसाठी असं काही अजून सापडलेलं नाही, अमेरिकेच्या औषध खात्याने यासाठी एकही औषध मंजूर केलेलं नाहीये. 2021 मध्ये 403 मेथवाल्यांवरची एक मोठी चाचणी छापून आली, नाल्ट्रेक्सोन या व्यसनावरच्या औषधाचं इंजेक्शन आणि जोडीला ब्युप्रोपियन ही उदासीवरची गोळी. फायदा झाला 13.6 टक्क्यांना, नुसत्या खोट्या औषधावर 2.5 टक्क्यांना. म्हणजे आहे, पण शंभरात चौदासुद्धा नाही.

मग चालतं काय? बक्षीस. खरंच! अमेरिकेत व्हर्मॉन्टमधल्या स्टीफन हिगिन्स या संशोधकांनी 90 च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या पेशंटना लघवीची टेस्ट साफ आली की व्हाउचर द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा अडीच डॉलर, पुढच्या प्रत्येक साफ टेस्टला सव्वा डॉलर जास्त, आणि एकदा घसरलात की परत अडीचवर! रोख पैसे हातात नाहीत, का ते सांगायला नको.

पण हे महाग पडतं म्हणून नॅन्सी पेट्री या संशोधक बाईंनी काढली चिठ्ठीची युक्ती, अगदी आपल्या भिशीसारखी. भांड्यात 500 चिठ्ठ्या, त्यातल्या 250 वर नुसतं 'शाब्बास', 209 वर छोटं बक्षीस, 40 वर जरा मोठं, आणि फक्त एका चिठ्ठीवर जंगी. साफ टेस्ट आली की हात घालायचा. मला हे फार आवडतं, कारण नशेने ज्या मेंदूला 'आत्ताच्या आत्ता'ची सवय लावली त्याला वर्षभराने तब्येत सुधारेल हे सांगून काय उपयोग, त्याला आजच काहीतरी हातात पाहिजे.

2018 मध्ये कोकेन-मेथसारख्या नशेवरच्या उपचारांच्या 50 चाचण्या, जवळजवळ 7,000 माणसं, सगळं एकत्र करून बघितलं, तर नुसतं बक्षीसच नाही, बक्षिसाबरोबर नोकरी, घर, नवे मित्र हेही बसवून देणारी पद्धत सगळ्यात वर आली. कॅलिफोर्नियाने तर 2023 पासून सरकारी विम्यातून गिफ्ट कार्ड द्यायला सुरुवात केली, वर्षाला 599 डॉलरपर्यंत.

ही लाच नाही का? अहो, पोराला दहावीत 80 टक्के पडले तर सायकल घेऊन देतो, तेव्हा कोणी लाच म्हणत नाही. बक्षीस थांबलं की काही जण घसरतात हे मात्र खरं, म्हणूनच ते नोकरी-मित्रांचं काम सोबत लागतं.

आपल्याकडे कोणाला मदत हवी असेल तर 14446 हा सरकारी हेल्पलाइन नंबर लिहून घ्या. आणि पोलिसांची भीती वाटत असेल तर एनडीपीएसचं कलम 64 अ माहीत असू द्या, स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला थोड्या मालाच्या केसमध्ये त्यात संरक्षण आहे, फक्त उपचार पूर्ण करावे लागतात.

काकांना हे सगळं सांगितलं तर ते खो खो हसले. म्हणाले, मग मी आज तंबाखू नाही खाल्ली, तुझी काकू काय देणार? मी म्हटलं, काका, 500 पैकी 250 चिठ्ठ्यांवर नुसतं शाब्बास असतं. तर म्हणाले, चालेल रे, तेवढं पण कधी म्हणत नाही ती.