कॅलिफोर्नियात आजी-आजोबांना सांभाळायला येणारी ताई, आणि तिच्या एजन्सीचं लायसन्स

२०१६ उजाडेपर्यंत कॅलिफोर्नियात म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवायची एजन्सी कुणीही काढू शकत होतं. धंद्याचं साधं लायसन्स घेतलं, एक फोन लावला, की झालं सुरू. घरी येणारी बाई कोण, तिच्यावर काही केस आहे का, हे एजन्सीने तपासलं तर तपासलं. आणि घरात आजी एकटी, दागिने, चेकबुक, गोळ्यांचा डबा सगळं समोर!

२०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी एबी १२१७ या कायद्यावर सही केली, १ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. आता एजन्सीला राज्याच्या सोशल सर्व्हिसेस खात्याचं लायसन्स लागतं, चोरीबिरी झाली तर म्हणून किमान १०,००० डॉलरचा बाँड, म्हणजे भरपाईची हमी, लागतो, आणि विनालायसन्स धंदा केला तर दिवसाला ९०० डॉलर दंड. मदतनीसाच्या बोटांचे ठसे एफबीआयपर्यंत जातात, टीबीची तपासणी होते, रजिस्ट्रीत, म्हणजे राज्याच्या मदतनीसांच्या यादीत, नाव चढतं. ही रजिस्ट्री ऑनलाइन बघता येते, आणि मला विचाराल तर अख्ख्या कायद्यात सगळ्यात कामाची गोष्ट हीच. ताईंकडून रजिस्ट्रीचा नंबर मागून घ्यायचा आणि वेबसाइटवर टाकून बघायचा, त्यात लाजायचं काय?

आता ट्रेनिंग. सुरुवातीला पाच तास. हो, पाचच! दोन तास कामाची ओळख, तीन तास सेफ्टी, पुढे दरवर्षी पाच. नर्सच्या हाताखाली काम करणाऱ्या होम हेल्थ एडला याच राज्यात १२० तास लागतात. त्यामुळे पाच तासवाल्या ताई आजींना आंघोळ घालतील, भरवतील, जिन्यात हात धरतील, गोळीची आठवण करतील, पण इन्सुलिनचं इंजेक्शन त्यांना सांगायचं नाही. ते काम होम हेल्थ एजन्सीच्या नर्सचं, त्या एजन्सीचं लायसन्स पब्लिक हेल्थ खातं देतं, म्हणजे ऑफिस वेगळं, नियम वेगळे, आणि लोकांचा गोंधळ होतो तो इथेच.

आणि मोठी फट पुढेच आहे. एजन्सी महाग पडते म्हणून बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे) आपले लोकसुद्धा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कुणी चांगली बाई आहे का" असं विचारून परस्पर ठेवतात, आणि अशा थेट ठेवलेल्या बाईला रजिस्ट्रीत नाव घालायची सक्तीच नाही. तिची मर्जी असेल तर घालता येतं मात्र. मग तिला सांगा, ताई नाव नोंदवून टाका, फी आम्ही भरतो.