खळ, तुरटी आणि गॅसबत्ती

(दृश्य: शिवणयंत्राशेजारी पांढऱ्या कापडाचा ढीग. कापडामागून फिरणारा हात.)

हे कापड नीट बघा. मागची बोटं आरपार दिसतात. याला टार्लटन म्हणतात. सुती, अगदी विरळ विणीचं आणि भरपूर खळ दिलेलं. मुठीत धरलं की कागदासारखं करकरतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बॅले नर्तकी याचेच थरावर थर नेसून रंगमंचावर उतरत.

(दृश्य: जुनं शिळाछाप चित्र. पंखांची नर्तकी.)

१२ मार्च १८३२. पॅरिस ऑपेराचं ल पेलतिए नाट्यगृह. 'ला सिल्फीद' या बॅलेचा पहिला प्रयोग. वायुपरीच्या भूमिकेत मारी तालिओनी. नृत्य बसवलं होतं तिच्या वडिलांनी, फिलिप्पो तालिओनी यांनी. हा वेश चित्रकार यूजेन लामी यांच्या नावावर सांगितला जातो: अंगाबरोबर बसलेली पांढरी चोळी, खांदे उघडे, पाठीला दोन इवले पंख आणि पोटरीपर्यंत येणारा घंटेच्या आकाराचा घागरा. पुढची कित्येक वर्षं युरोपभर बॅलेतल्या पऱ्या, भुतं, आत्मे याच पांढऱ्या वेशात वावरले.

चित्रात ती फुलावर टेकल्यासारखी दिसते. पण हे हलकेपण कापायला, शिवायला लागतं. म्हणून आम्ही तसा एक घागरा पुण्यातल्या आमच्या शिवणखोलीत करून बघितला.

(दृश्य: कात्री. चुण्या ओढणारी बोटं. बराच वेळ हेच.)

आधी थर वेगवेगळे कापायचे. आतले आखूड, कडक टार्लटनचे. सगळ्यांत वर मऊ मलमल. प्रत्येक थराला कमरेपाशी दुहेरी धावदोरा घालायचा आणि दोन्ही टोकांनी हळूहळू ओढत चुण्या जमवायच्या. घाई केली की दोरा तुटतो आणि पहिल्यापासून सुरुवात. चुण्या एकाच जागी साठल्या तर कंबर सुजल्यासारखी दिसते, म्हणून सुईच्या टोकानं एकेक चुणी सरकवून सारखी करायची. खालची कड आम्ही दुमडली नाही. दुमड म्हणजे वजन. नऊवारीचा काष्टा नटीच्या चालण्यावर कसा बसेल, याचा हिशेब मी वर्षानुवर्षं नाटकांसाठी करत आले आहे. इथे हिशेब उलटा होता. घागरा चालण्याबरोबर बसायचा नव्हता, उडी संपल्यावरही क्षणभर वरच राहायचा होता.

शिवणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं की याला पाणी लागू द्यायचं नाही. धुतलं की खळ जाते आणि कापडाचं पोतेरं होतं. तालमीच्या घामानंसुद्धा ते मान टाकतं. म्हणजे असा घागरा किती जपून वापरावा लागत असेल!

(दृश्य: सॅटिनचा बूट, अगदी जवळून.)

आणि हा बूट. तालिओनीचे जपून ठेवलेले बूट पाहून केलेला. सॅटिनचा, चामड्याच्या पातळ तळव्याचा. टोकाला कडक ठोकळा नाही. आहे ते फक्त रफू. टोकाच्या खाली आणि बाजूंनी दाट टाके घालून सॅटिन टणक केलंय. अंगठ्याच्या टोकावर उभं राहणाऱ्या बाईला आधार एवढाच, बाकी सगळं बळ पायाचं. व्हिएन्नातल्या पदार्पणापूर्वी वडील मारीकडून रोज सहा-सहा तास मेहनत करून घेत.

(दृश्य: अंधार. गॅसची एक ज्योत.)

या घागऱ्याला जिवंत केलं गॅसच्या उजेडानं. ल पेलतिएमध्ये १८२२ पासून गॅसबत्त्या होत्या. मेणबत्तीची ज्योत जिथल्या तिथे. गॅस मात्र कमी-जास्त करता येई, रंगमंचावर चांदणं पाडता येई. त्या निळसर उजेडात टार्लटनचे थर धुक्यासारखे दिसत. पण बत्त्या विंगेत होत्या, आणि त्यांच्याजवळूनच नर्तकींची ये-जा.

धोका सगळ्यांना ठाऊक होता. कापड ज्वालारोधक करण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी १८२१ मध्येच प्रयोग प्रसिद्ध केले होते. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये हुकूम निघाला: रंगमंचावरची वस्त्रं कार्तेरों पद्धतीनं भिजवून घ्यायची.

(दृश्य: घमेल्यात पांढरं द्रावण. कापड बुडतं.)

ही पद्धत कशी होती? तुरटी आणि टाकणखारासारख्या क्षारांच्या द्रावणात कापड बुडवायचं आणि वाळवायचं. आम्ही अर्धं टार्लटन असंच भिजवलं. वाळल्यावर दोन्ही तुकडे शेजारी टांगले. डावा कोरा, उजवा भिजवलेला. उजव्याकडे बघा. रंग मळकट, पिवळट. कापड ताठ, पण जडशीळ ताठ. गिरकी द्यायला गेलं तर फळीसारखं वळतं.

म्हणून नर्तकी हे घागरे नाकारत. त्याला सरसकट हौस म्हणू नये. सगळी मेहनत ज्या हलकेपणासाठी, तोच हे कापड काढून घेत होतं. एमा लिव्री ही मारी तालिओनीची लाडकी शिष्या. सोळाव्या वर्षी, १८५८ मध्ये, 'ला सिल्फीद'मधूनच तिनं पदार्पण केलं. १८६० मध्ये तालिओनीनं तिच्यासाठी 'ल पापियों' म्हणजे 'फुलपाखरू' हा बॅले बसवला, संगीत ओफेनबाखचं. त्याच वर्षी एमानं ऑपेराच्या संचालकांना लिहून कळवलं की आपण नेहमीच्या घागऱ्यातच नाचणार आणि जबाबदारी आपली.

(दृश्य: विंगेतली ज्योत. कापडाची कड. दृश्य पांढरं होत जातं.)

१५ नोव्हेंबर १८६२. एका ऑपेराची, म्हणजे संगीतनाट्याची, तालीम. एमाच्या घागऱ्याला गॅसबत्तीची ज्योत लागली. २६ जुलै १८६३ रोजी ती गेली. वय वीस. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात नर्तकी क्लारा वेबस्टरही अशीच भाजून गेली होती.

(दृश्य: छायाचित्र, करपलेले तुकडे. निवेदन थांबतं. नंतर शिवणखोली.)

हे त्या दिवशीच्या वेशाचे तुकडे. पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात जपलेले.

आमचा घागरा आता खिळ्याला टांगलाय. चित्रीकरणात दिव्यांपासून लांबच ठेवला. मावशी रोज संध्याकाळी शिवणखोली बंद करताना त्याच्यावर जुनी सुती साडी पांघरतात, दमटपणानं खळ उतरू नये म्हणून.